गुंता कोणाच्या माथीं?

अलीकडे ‘सुटसुटीत’ हा शब्द जिकडे तिकडे ऐकूं येतो. कायदा सुटसुटीत हवा, कचेरीचें काम सुटसुटीत हवें, यंत्र सुटसुटीत हवें, आणि ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तें घरही सुटसुटीत चालावें, अशी सर्वांची इच्छा असते. इच्छा रास्तच आहे. परंतु सुटसुटीतपणाची मागणी करणारा मनुष्य बहुधा असें समजून चालतो कीं, गुंता म्हणजे बाहेरून येऊन बसलेली धूळ. झटकली कीं गेली. कांहीं गुंता खरोखरच धुळीसारखा असतो व तो झटकावाच. पण बराचसा गुंता कामाच्या अंगचाच असतो. तो नाहींसा होत नाहीं; एका डोक्यावरून उतरतो तो दुसऱ्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून अमुक व्यवस्था आतां सुटसुटीत झाली असें कोणी सांगूं लागला, म्हणजे ‘मग पूर्वींचा गुंता हल्लीं कोण वाहतो?’ हें आम्ही प्रथम विचारतों. पुष्कळदां सांगणाराच्या ध्यानांत तो प्रश्न आलेलाच नसतो.

आधीं एक भेद पाहिला पाहिजे. विस्तार निराळा आणि गुंता निराळा. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपुरास लाखों माणसें पायीं जातात. विस्तार प्रचंड, पण गुंता बेताचा. हैबतरावबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत या सोहळ्यास जी शिस्त लावून दिली, तीत वारकरी दिंडीबरोबर चालतो, दिंडीला क्रमांक असतो, रथापुढें २७ दिंड्या व बाकीच्या रथामागें हें ठरलेलें असतें. जेवणाखाण्याची व मुक्कामाची तजवीज दिंडीनें आपली आपण करावयाची. चुकलेल्या म्हातारीस लाख माणसांत आपलें माणूस शोधावें लागत नाहीं. दिंडीचा क्रमांक सांगितला कीं पुरे. उलट चारच माणसांच्या कचेरींत असा गुंता आढळतो कीं, एक कारकून रजेवर गेला तर साध्या दाखल्याचें काम आठ दिवस अडतें. कोणतें काम कोणाचें व कोणत्या नियमानें, हें कोठेंच लिहिलेलें नसतें. जें आहे तें त्या रजेवर गेलेल्या गृहस्थाच्या डोक्यांत.

असा गुंता एका दिवसांत होत नाहीं. तो कसा वाढतो हें पाहावयाचें असेल तर १९६१ सालचा आयकराचा कायदा हें उत्तम उदाहरण आहे. मूळ कायद्याचीं कलमें २९८. पुढेंही शेवटच्या कलमाचा आंकडा २९८ च राहिला. परंतु मधल्या कलमांच्या पोटांत अक्षरें शिरत गेलीं. ८० च्या मागून ८० सी आलें, ८० सीसी आलें, ८० सीसीडी आलें. आणि अखेर मोजदाद झाली तेव्हां कलमें ८१९ भरलीं. यांतील प्रत्येक भर कोणाच्या तरी रास्त गाऱ्हाण्यावरून पडली असेल. अमक्यावर अन्याय होतो म्हणून एक परंतुक. त्या परंतुकाचा तमक्यानें गैरफायदा घेतला म्हणून त्यावर स्पष्टीकरण. कोणीही मूर्खपणा केला नाहीं, आणि सर्वांनीं मिळून जें तयार केलें तें एकट्या माणसास समजेना.

२०२५ सालीं त्या जागीं नवा कायदा मंजूर झाला व त्याच्या अंमलाचा आरंभ म्हणून १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. कलमें ५३६, प्रकरणें ४७ चीं २३, शब्द पांच लाख बारा हजारांचे सुमारें दोन लाख साठ हजार. शब्द निम्मे झाले याचा फार गाजावाजा झाला. आम्हांस त्याचें तितकेंसें महत्त्व वाटत नाहीं. करविषयक मूळ धोरणांत मोठा फेरफार केलेला नाहीं असें सरकारच सांगतें. तेव्हां शब्द निम्मे झाले म्हणजे गुंता निम्मा झाला असें होत नाहीं. बराचसा मजकूर कोष्टकांत गेला. पूर्वीं कोष्टकें १८ होतीं, आतां ५७ आहेत. हें चांगलेंच झालें, कारण जी गोष्ट कोष्टकांत एका दृष्टिक्षेपांत कळते ती दीड पानाच्या एका वाक्यांत कोंबणें हा वाचकाचा छळ आहे. पण आम्हांस खरी महत्त्वाची वाटते ती निराळीच सुधारणा. जुन्या कायद्यांत वर्षें दोन असत. ज्या वर्षांत मिळकत झाली तें ‘मागील वर्ष’ आणि ज्या वर्षांत तिजवर आकारणी व्हावयाची तें ‘निर्धारण वर्ष’. २०२३ च्या एप्रिलपासून पुढील मार्चपर्यंत मिळालेल्या पेन्शनीसाठीं फॉर्मावर २०२४-२५ लिहावें लागे. खात्याच्या सोयीची ही दोन वर्षें कोट्यवधि लोकांस दरसाल डोक्यांत बाळगावीं लागत. नव्या कायद्यानें ‘कर वर्ष’ हें एकच ठेविलें. त्याचप्रमाणें खात्याच्या संकेतस्थळावर पगार, व्याज वगैरे आंकडे आधींच भरून येऊं लागले, ही सोय तर त्याही पूर्वींची. तो गुंता नष्ट झाला नाहीं. तो यंत्र चालविणाऱ्या थोड्या लोकांनीं कोट्यवधींच्या वतीनें एकदांच पत्करला. गुंत्यानें जागा बदलावी ती अशी.

अपवाद वाढविण्यांत एक निराळा धोका असतो. तो असा कीं, प्रत्येक अपवादाबरोबर एक नवी सीमा उत्पन्न होते आणि प्रत्येक सीमेवर भांडण उभें राहतें. डिसेंबर २०२४ मध्यें जेसलमेर येथें वस्तु व सेवा कर परिषद भरली, तिच्यानंतर मक्याच्या लाह्यांवरील कराचा जो खुलासा झाला तो वाचून साऱ्या देशास हंसूं आलें. मीठमसाल्याच्या सुट्या लाह्यांस शेंकडा ५, त्याच पाकिटांत बंद करून वर नांव छापलें तर १२, आणि साखरेचा पाक चढविला तर १८. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें यांत चूक कोठेंच नव्हती. जुन्या नियमांवरून हेंच निघत होतें. पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें बहुतेक वस्तूंसाठीं ५ व १८ असे दोनच मुख्य टप्पे ठेवण्यांत आले, तेव्हां यांपैकीं एक सीमा पुसली गेली. साखरेची अजून आहेच.

तर मग अपवाद नसावेतच काय? तसें म्हणतां येणार नाहीं. जगच अपवादांनीं भरलेलें आहे. प्रश्न आहे तो अपवाद मांडावा कसा, याचा. या बाबतींत आम्हांस जो गुरु सर्वांत थोर वाटतो त्याचें नांव वाचकांनीं ओळखलेंच असेल, कारण आयुष्य संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्याची धांव तेथेंच जावयाची. पाणिनीचा ‘अष्टाध्यायी’ ग्रंथ आपण व्याकरण म्हणून पाहतों. गुंता सांभाळण्याची विद्या म्हणून त्याकडे क्वचितच पाहतों.

पाणिनि प्राचीन गांधारांतील शालातुर गांवचा. तो प्रदेश आज पाकिस्तानांत आहे. काळ ख्रिस्तपूर्व पांचव्या-चवथ्या शतकाच्या सुमाराचा. त्याच्यापुढें काम होतें एका जिवंत भाषेचें. बोलींतले लहरी प्रयोग, वेदांतील जुनीं रूपें, पूर्वेकडील व उत्तरेकडील लोकांचे मतभेद, हें सर्व तींत आलें. हें सारें त्यानें आठ अध्यायांत, बत्तीस पादांत, सुमारें ४,००० सूत्रांत बसविलें. जोडीला १४ शिवसूत्रें, सुमारें २,००० धातूंचा पाठ आणि शब्दांचे गण. एवढें सगळें एका मनुष्यानें मुखोद्गत करावयाचें होतें. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो अशी त्यांची थट्टा करितात. पण पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूनें पाहिलें तर ती थट्टा राहत नाहीं.

त्याच्या युक्त्यांपैकीं पहिली अगदीं घरगुती आहे. जमाखर्चाच्या वहींत एकदां नांव लिहिल्यावर खालीं आपण ‘कित्ता’ लिहितों. पाणिनि तेवढेंही लिहीत नाहीं. मागच्या सूत्रांतील शब्द पुढच्या सूत्रांत आपोआप चालत येतो, ही अनुवृत्ति. कांहीं सूत्रें तर केवळ मथळ्याचें काम करितात. ‘यापुढें जें सांगेन तो प्रत्यय समजावा’ अशा अर्थाचें सूत्र तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं एकदां येतें आणि पांचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारें १,८०० सूत्रांवर, त्याचा अंमल चालतो.

दुसरी युक्ति उत्सर्ग आणि अपवाद यांची. रघूचा राघव, पांडूचे पांडव. अपत्य दाखवावयाचें तर ‘अण्’ प्रत्यय लावावा हा सामान्य नियम, म्हणजे उत्सर्ग. पण ज्या नांवाच्या शेवटीं अकार असेल त्यास ‘इञ्’ लावावा. म्हणून दशरथाचा दाशरथि. हा अपवाद. (एकच रामचंद्र एका नांवानें नियमांत बसतो आणि दुसऱ्या नांवानें अपवादांत.) आतां वसुदेव हेंही अकारान्त नांव. त्याचा पुत्र ‘वासुदेवि’ व्हावयास हवा होता. परंतु ऋषींचीं नांवें, तसेंच अंधक, वृष्णि व कुरु या कुळांतील नांवें, यांस पुन्हां ‘अण्’च लावावा असें पाणिनि सांगतो, म्हणून श्रीकृष्ण वासुदेव झाला. अपवादास अपवाद लागला आणि स्वारी फिरून मूळ नियमावर आली. यांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, पाणिनीनें वसुदेवासाठीं एक, श्वफल्कासाठीं एक आणि नकुलासाठीं एक असे सुटे अपवाद केले नाहींत. अपवाद व्यक्तीस दिला नाहीं, वर्गास दिला. आयकराच्या कायद्यांत अक्षरामागून अक्षर कां शिरत गेलें, त्याचें एक कारण येथें सांपडतें.

पण कांहीं शब्द असे असतात कीं, ते एका वर्गांत कां यावेत याचें कारणच सांगतां येत नाहीं. शिवाचा ‘शैव’ होतो, त्याच्याबरोबर आणखी कितीएक नांवें तशींच वागतात. येथें सामान्य मनुष्य एखादें ओढून ताणून कारण शोधील आणि त्या कारणानें आणखी चार भलत्या शब्दांस आंत घेईल. पाणिनि सरळ ‘शिव इत्यादि’ असें म्हणतो आणि यादी गणपाठांत ठेवून देतो. यादी ती यादी. तिला नियमाचा वेष चढवावयाचा नाहीं, आणि नियमांच्या रांगेंत तिला मध्येंच उभीही करावयाची नाहीं. कित्येक गण तर उघडे ठेविलेले आहेत. त्याच तऱ्हेचा नवा शब्द आढळला तर पुढच्यानें त्यांत घालावा. त्यांस आकृतिगण म्हणतात.

तिसरी युक्ति समजण्यास जरा कठीण, पण व्यवहारांत सर्वांत उपयोगाची. आठव्या अध्यायाचे शेवटचे तीन पाद म्हणजे त्रिपादी. तेथील नियमांनीं शब्दावर जो संस्कार केला तो त्यापूर्वींच्या साऱ्या नियमांस दिसतच नाहीं. त्यांच्या दृष्टीनें तो जणूं घडलाच नाहीं. त्रिपादीच्या आंतही पुढच्याचें काम मागच्यास दिसत नाहीं. असें कशासाठीं? शेवटच्या रंगसफेतीनें पायाच्या चिऱ्यांस पुन्हां हालवूं नये म्हणून. छापखान्याचा अनुभव असलेल्यांस हें चटकन् पटेल. पान जुळून शेवटचें मुद्रित आलें कीं जुळाऱ्यानें ओळ इकडची तिकडे सारावी. पण तें निमित्त करून लेखकानें परिच्छेदच नव्यानें लिहावयास घेतला, तर अंक महिना उलटला तरी निघत नाहीं.

या ग्रंथाची स्तुति आजचे यंत्रशास्त्रीही करितात. १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या एका संगणकतज्ज्ञानें अशी सूचना केली होती कीं, संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याची जी पद्धति बॅकस यांच्या नांवानें चालते तिला पाणिनीचेंही नांव जोडावें. अशा प्रशस्तिपत्रांनीं आमच्या कांहीं मित्रांस मोठा हर्ष होतो. आम्हांस त्यापेक्षां दुसऱ्या एका गोष्टीचा विचार अधिक करावासा वाटतो. ती म्हणजे या संक्षेपाची किंमत कोणीं दिली.

ती विद्यार्थ्यानें दिली. सूत्र तीन अक्षरांचें. पण त्याचा अर्थ लागावयास मागच्या कोणत्या सूत्रांतून कोणता शब्द चालत आला आहे, तो कोठें थांबतो, आणि चार अध्याय पलीकडे बसलेला कोणता नियम येथें आडवा येतो, हें सर्व माहीत असावें लागतें. संपूर्ण ग्रंथ ज्यास पाठ आहे त्याला ही अडचण नाहीं. पण पुस्तक मध्येंच उघडणारा कपाळावर हात मारून बसतो. कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं, पतंजलीनें महाभाष्य लिहिलें, तरी दोन नियम एकाच जागीं भिडले तर कोणाचें चालावें हा वाद मिटला नाहीं. काशींत राहणारे आमचे महाराष्ट्रीय नागेशभट्ट काळे यांनीं ‘परिभाषेन्दुशेखर’ हा एक स्वतंत्र ग्रंथच शंभराहून अधिक अशा परिभाषांवर लिहिला. नियम सांभाळण्यासाठीं नियम! २०२२ सालीं केंब्रिज येथें ऋषी राजपोपट या तरुण अभ्यासकानें असें प्रतिपादन केलें कीं, या वादाच्या मुळाशीं असलेल्या सूत्रांतील ‘पर’ या शब्दाचा अर्थ ‘ग्रंथांत मागून येणारा नियम’ असा नसून ‘शब्दांत उजवीकडे घडणारें कार्य’ असा घ्यावा, म्हणजे बहुतेक परिभाषांची गरजच उरत नाहीं. सर्व पंडितांस हें मान्य नाहीं. अडीच हजार वर्षांनंतर एका शब्दाच्या अर्थावर येवढी चर्चा व्हावी, हें ग्रंथाच्या थोरवीचें लक्षण आहेच. पण न सांगतां गृहीत धरलेली एक गोष्ट पुढच्यांस किती महाग पडते याचेंही तें लक्षण आहे.

सतराव्या शतकांत भट्टोजी दीक्षितांनीं ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली. त्यांनीं सूत्रांचा क्रम मोडला आणि विषयवार मांडणी केली. संधि एका जागीं, विभक्ति एका जागीं, समास एका जागीं. ज्याला ‘रामेण’ हें रूप सिद्ध करावयाचें आहे त्यास लागणारीं सूत्रें आतां जवळजवळ आलीं. याच्या मोबदल्यांत अनुवृत्तीचा धागा तुटला, म्हणून प्रत्येक सूत्राची वृत्ति वेगळी पाठ करणें आलें. मथुरेचे स्वामी विरजानंद यांचा कौमुदीवर इतका राग कीं, ते आपल्या शिष्यांस मूळ अष्टाध्यायीच शिकवीत. त्यांचें म्हणणें एका दृष्टीनें खरें होतें. पण शिकणारा कोण, याचा विचार त्यांच्यापेक्षां भट्टोजींनीं अधिक केला, आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनीं त्याहून अधिक केला. मुलांसाठीं त्यांनीं ‘लघुसिद्धान्तकौमुदी’ केली, तींत साडेबाराशेंहून थोडींच अधिक सूत्रें आहेत. मग १८६० नंतरच्या दशकांत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं इंग्रजी शाळेंतील मुलांसाठीं ‘मार्गोपदेशिका’ लिहिली. तींत सूत्रें नाहींतच. एका धड्यांत चार नियम, कांहीं शब्द, आणि लगेच भाषांतरास वाक्यें. भांडारकरांस पाणिनि येत नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. तो येत होता म्हणूनच तो मुलांच्या दृष्टीआड ठेवणें त्यांस साधलें. सर्व गुंता त्यांनीं स्वतः पत्करला आणि मुलाच्या हातीं फक्त ‘रामः वनं गच्छति’ एवढें दिलें. पाठशाळेंतील शास्त्र्यांनीं नाकें मुरडलीं असतील. महाराष्ट्रांतील पिढ्यान्‌पिढ्या मात्र त्या पुस्तकावर संस्कृत शिकल्या.

हें सर्व पुराण आम्हीं लाविलें तें व्याकरण शिकविण्याकरितां नव्हे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक एकत्र कुटुंबांत राहतात, आणि एकत्र कुटुंब हीही एक अष्टाध्यायीच आहे. आजोबांस मधुमेह, म्हणून त्यांच्या ताटांत साखर नाहीं. आजींस चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य. धाकट्या भावजींस शेंगदाण्याचें वावडें. मुलांचे डबे सकाळीं सातास आणि त्यांच्या वडिलांचा साडेआठास. एकादशीस दूध अर्धा लिटर अधिक, मोलकरीण बुधवारीं उशिरां, रक्तदाबाची गोळी जेवणापूर्वीं आणि दुसरी जेवणानंतर, गॅसचा नंबर, विजेच्या बिलाची तारीख, कुळाचार, कोणाच्या माहेरीं कोणतें मंगलकार्य. हें सर्व कोठें लिहिलेलें असतें? कोठेंच नाहीं. तें मोठ्या सूनबाईंच्या डोक्यांत असतें. आणि दिवाणखान्यांत बसून आम्ही पुरुषमंडळी पाहुण्यांस सांगतों कीं, आमचें घर कसें आपोआप सुरळीत चालतें!

आपोआप कांहींच चालत नसतें. सूनबाई तापानें चार दिवस अंथरुणास खिळली म्हणजे तें उघडकीस येतें. अंथरुणावरूनच ती ‘गोळी दिली का, दूध सांगितलें का’ विचारीत असते. तिला ‘अन्नपूर्णा’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. चाल गोड आहे. पण वाहणाराचें ओझें कमी न करितां त्याला पदवी देणें हा फार स्वस्त सौदा आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

आणि धाकटी सून नवीन घरांत येते तेव्हां तिची स्थिति चवथा अध्याय मध्येंच उघडणाऱ्या विद्यार्थ्यासारखी होते. वीस वर्षांपूर्वीं कधीं तरी उच्चारलेला एक शब्द अजून अनुवृत्तीनें चालत आलेला असतो. तो हिनें ऐकलेलाच नसतो. गुरुवारीं या घरांत दहीं कां लावीत नाहींत, मामंजींच्या खोलीचें दार कां लोटून घ्यावयाचें नाहीं, हें तिला चुकल्यावर कळतें. मग ‘एवढेंही कळत नाहीं’ हा शेरा. तें कळणार कसें? तिच्या हातीं कोणीं मार्गोपदेशिका दिली आहे?

घरांतही पाणिनीच्या युक्त्या चालतात. उत्सर्ग असा निवडावा कीं, अपवादासाठीं दुसरें भांडें चढवावें लागूं नये. सकाळीं डाळ शिजली कीं फोडणीपूर्वीं साधें वरण काढून ठेवावें. आजी, आजोबा, लहान मूल आणि आजारी माणूस या सर्वांचें त्यावर भागतें, उरलेल्यांची आमटी होते. सासूबाई हें पूर्वींपासून करीतच आल्या आहेत. त्यास नांव मात्र कोणीं दिलें नाहीं. दाण्याचा कूट ज्यानें त्यानें पानांत घ्यावा, म्हणजे भावजींसाठीं निराळी भाजी नको. ज्यास कारण नाहीं अशा गोष्टींचा, म्हणजे गोळ्या, तारखा, वावडीं यांचा, एक गण करावा आणि तो पाटीवर लिहून टांगावा. तो उघडा असावा, ज्याचें त्यानें त्यांत भर घालावी. आणि रात्रीं नऊ वाजल्यानंतर त्रिपादी लागली असें समजावें. त्यापुढें ‘उद्यां माझ्याबरोबर दोन मित्र जेवावयास आहेत’ असें कोणीं सांगितलें तरी तें स्वयंपाकघरास ऐकूं येऊं नये. मित्रांस त्यानें खाणावळींत न्यावें.

यांत एक अडचण येते आणि ती स्पष्ट बोलून टाकलेली बरी. पुष्कळ घरांत ही पाटी टांगूं द्यावयास पहिला विरोध ती सूनबाईच करिते. ‘मला सगळें पाठ आहे, पाटी कशाला?’ याचें कारण तिच्या हट्टांत शोधूं नये. कचेरींतील जुना शिरस्तेदार दफ्तराची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. ज्याच्या डोक्यांत गुंता असतो त्याच्यावांचून कोणाचें चालत नाहीं. आणि ज्या घरांत स्त्रीस दुसरा मान दिलेला नाहीं, त्या घरांत हें ‘माझ्यावांचून चालत नाहीं’ येवढेंच तिचें धन असतें. तें काढून घ्यावयाचें तर बदल्यांत कांहीं दिलें पाहिजे. घरखर्चाच्या निर्णयांत मत, दुपारचे दोन तास स्वतःचे, वर्षांतून महिनाभर माहेर किंवा प्रवास. आणि तो महिना घर तिला फोन न करितां चालविण्याची बाकीच्यांची तयारी. पहिल्या खेपेस वरणांत मीठ दोनदां पडेल, एकादशीचें दूध सांगावयाचें राहील. पडूं द्यावें, राहूं द्यावें. पाटी टांगावयाची ती स्वयंपाकघराच्या दाराशीं, सर्वांच्या जातायेतां दिसेल अशी. आणि खडू दोरीनें बांधून ठेवावा, नाहीं तर मुलें पळवितात.